बुरुजावरचा अबोला

"यांना म्हणावं, तहान लागली असेल तर पाण्याची बाटली माझ्या पिशवीत आहे," मी त्या दगडी माणसाला सांगितलं.

दगडी माणूस संग्रहालयाच्या दारातच उभा होता. दोन पुरुष उंच, पिवळसर दगडाचा, आणि तोंडाच्या जागी नुसता एक खळगा. आमचे हे त्याच्या पलीकडे उभे राहून त्याचे पाय न्याहाळत होते. त्यांनी ऐकलं. चष्मा वर सरकवला आणि दगडी माणसाच्या गुडघ्याकडे बघत म्हणाले, "त्यांना सांगा, मला तहान नाही. आणि आत पाणी पिऊ देत नाहीत."

"मग नेऊ दे मलाच ओझं. माझा खांदा काय, हमालाचाच आहे," मी म्हटलं. हेही दगडी माणसालाच.

दाराशी निळा कोट घातलेली एक राखणदार बाई होती. पांढरे केस बारीक कापलेले, छातीवर नावाची पट्टी. आम्ही दोघंही मूर्तीशी इतक्या जिव्हाळ्याने बोलतोय हे बघून तिने छातीवर हात ठेवला आणि मान लववली. तिला वाटलं असेल, भारतातली माणसं, यांची कला बघायची रीतच ही.

रीत कसली! आमचा अबोला चालू होता.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण अबोल्याचे नियम मला अजून पाठ आहेत. एकमेकांशी थेट बोलायचं नाही. तिसऱ्याला सांगायचं आणि दुसऱ्याने ते ऐकायचं. तिसरं माणूस नसलं तर मांजर चालतं, भिंत चालते. एकदा कराडच्या घरी यांनी कुकरला सांगितलं होतं, "आज शाळेत तपासणी आहे, यायला उशीर होईल." कुकरने शिट्टी दिली, मी ऐकलं, विषय संपला.

या खेपेचा अबोला मात्र साधा नव्हता. आमची ऋजुता पाल्मा शहरात राहते. भूमध्य समुद्रात मायोर्का नावाचं बेट आहे, त्यावरचं हे मोठं शहर. ती तिथे एका हॉटेलात नोकरीला आहे आणि तिथल्याच तोमेउशी लग्न करून रमली आहे. आम्ही दोघं तिच्याकडे पहिल्यांदाच गेलो होतो. तिच्या इमारतीतलं तळमजल्यावरचं घर रिकामं होणार होतं. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "तुम्ही दोघं कायमचेच या इकडे. मी मालकिणीला शब्द देऊन टाकते." म्हणजे मी आत भात काढत होते, तेव्हा म्हणाली. मी पातेलं घेऊन बाहेर येईपर्यंत यांनी "हो" म्हणूनही टाकलं होतं. तोमेउ टाळ्या वाजवत होता. ऋजुता यांच्या गळ्यात पडली होती. मी भात वाढला, सगळ्यांना नीट वाढला, आणि तेव्हापासून तोंडाला कुलूप घातलं.

मला कराडला परत जायचं होतं. मालकीण शनिवारपर्यंतच थांबणार होती, आणि आज शुक्रवार होता.

सकाळी ऋजुताने आम्हाला या दारात आणून सोडलं. "बाबांना म्युझियम बघायचंय आणि तुम्हा दोघांना बोलायचंय. दोन्ही इथेच उरका," ती म्हणाली. "दुपारी मी घ्यायला येते. तेव्हा मला उत्तर पाहिजे. बाबांचं मिळालंय. आता आईच्या तोंडून पाहिजे."

"तुझ्या बाबांना सांग, आईला तोंड आहे हे तुला तरी आठवलं," मी म्हटलं.

"आई, ते इथेच उभे आहेत."

"असू देत."

तिने कपाळाला हात लावला आणि कामाला निघून गेली.

ते संग्रहालय एका जुन्या किल्ल्याच्या बुरुजात बांधलेलं होतं. बाहेरून तटबंदी, गुळाच्या ढेपेसारखी पिवळी, आणि आत शिरावं तर पांढऱ्याशुभ्र भिंती, उंच छत, गुळगुळीत उतार. मध्येच भिंतीत एखादी खिडकी, आणि खिडकीत समुद्र आणि होड्यांच्या डोलकाठ्या. ती खिडकीसुद्धा चित्रच वाटायची. हे दाराशी बूट काढायला वाकले होते. राखणदार बाईने धावत येऊन थांबवलं, नाहीतर अनवाणीच आत गेले असते.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. जन्मभर यांनी शाळेत चित्रकला शिकवली. पण वर्गात दाखवायला यांच्याजवळ काय, तर जुन्या कॅलेंडरची पानं आणि रद्दीतल्या मासिकांतून कापलेली चित्रं, खाकी पुठ्ठ्यावर डकवलेली. भिंतभर मोठी चित्रं यांनी पोस्टकार्डाएवढीच पाहिलेली. खरं चित्र, खऱ्या रंगाचं, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर, असं यांना या वयात बघायला मिळत होतं. सकाळपासून हातपाय कसे लगबग लगबग चालले होते.

पहिल्या दालनात एक अख्खी भिंत ओल्या मातीने लिंपून वाळू दिलेली होती. उन्हाळ्यात तळं आटून गाळ भेगाळतो ना, तशी. प्रत्येक भेग वेगळी. मी अगदी जवळ जाऊन बघत होते.

"यांना सांगा, चित्र लांबून बघायचं असतं. नाक लावून नाही," हे भिंतीला म्हणाले.

"यांना सांगा, लांबून मला भिंत दिसते. जवळून माती दिसते," मीही भिंतीलाच म्हटलं.

मग हळूच माझ्या शेजारी येऊन त्यांनीही नाक लावलं. राखणदार बाई मागे आलीच होती. तिने घसा खाकरला, तसे आम्ही दोघंही मागे सरलो.

पुढची खोली अंधारी होती. छतापासून मासे धरायची जुनी जाळी सोडली होती, एकाआड एक, किती तरी, आणि त्यांत इवले इवले दिवे अडकवलेले. कुठून तरी वारा सोडला होता. जाळी हलायची, दिवे हलायचे, आणि त्यांची सावली आपल्या अंगावरून पाण्यासारखी जायची. खोटं कशाला सांगू, तिथे मी माझा राग विसरले. माझ्या हातांवरून, पदरावरून तो उजेड चालला होता आणि मला वाटलं, कुणाच्या डोक्यात हे आलं असेल, त्याला दंडवत. "अहो, बघा!" अगदी ओठांवर आलं होतं. मी जीभ चावली. शेजारी हे दोन्ही हात पसरून उभे होते, आणि त्यांच्या टकलावर दिवे खेळत होते.

बाहेर आल्यावर यांनी खिडकीतल्या समुद्राला सांगितलं, "त्यांना म्हणावं, असं काही बघायला मिळतं इथे. बसने दहा मिनिटं. दवाखाना जवळ. हवा चांगली. लेक वरच्या मजल्यावर."

"समुद्राला म्हणावं," मी म्हटलं, "लंकेत सोन्याच्या विटा असल्या म्हणून आपल्याला काय!"

हे पाठमोरे झाले आणि पुढे चालू लागले.

त्यानंतर ते निळं चित्र आलं. एकट्या त्या चित्रासाठी एक दालन होतं. जमिनीपासून वर डोक्यापलीकडे जाणारं, नुसतं निळं. कुठे दाट, कुठे विरळ, आणि एका कोपऱ्यात लाल रंगाचा जेमतेम बोटभर ठिपका. मला आधी वाटलं, यात बघायचं काय? मग मी यांच्याकडे बघितलं.

हे उभेच राहिले होते. उजवा हात आपोआप वर आला होता आणि हवेत हलत होता. ज्याने कुणी ते रंगवलं त्याचा ब्रश जिथे जिथे गेला असेल, तिथे तिथे यांचा हात मागून जात होता. वर, आडवा, परत खाली. मग हात थांबला. हे राखणदार बाईकडे वळले आणि तिला चक्क मराठीत म्हणाले, "बाई, हा निळा मी पोरांना सगळी वर्षं चुकीचा शिकवला हो. छापलेला बघून शिकवत होतो. असा असतो हे मला कुठं ठाऊक होतं?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईला शब्द कळले नाहीत, पण तिने मान हलवली, अगदी सावकाश.

मी दाराशी उभी होते. या माणसाला इथून उठवून परत न्यायचं? कराडला यांना काय आहे? सकाळचा पेपर, कृष्णाकाठचा फेरफटका आणि माळ्यावरचे ते खाकी पुठ्ठे. इथे राहिले तर हे रोज या निळ्यापुढे येऊन उभे राहतील. आणि मी मात्र "चला परत" म्हणणार. तेव्हा मला स्वतःचाच राग आला, आणि मग राग आणला म्हणून यांचा आला. एकंदरीत राग काही कमी झाला नाही.

तोवर माझे गुडघे बोलायला लागले होते. त्यांना अबोल्याचे नियम लागू नसतात. वरच्या मजल्यावर एका मोठ्या पांढऱ्या खोलीत एक लाकडी टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. बाकी खोलीत काही म्हणजे काही नाही. भिंतीवर एक पाटी होती, तिथल्या भाषेतली. मला वाटलं, म्हातारीकोतारी माणसं दमतात, त्यांच्यासाठी सोय केली असेल. शहाणे लोक! मी पिशवी पायाशी ठेवून बसले. हेही आले, घुटमळले, आणि दुसरी खुर्ची रिकामी दिसली म्हणून माझ्यासमोर बसले.

तिथेच फसलो. शेजारी बसलं की इकडे तिकडे बघता येतं. समोर बसल्यावर बघणार कुठे? आणि त्या खोलीत मध्यस्थी करायला ना मूर्ती, ना चित्र, ना खिडकी.

थोड्या वेळाने एक तरुण जोडपं आत आलं आणि भिंतीला टेकून उभं राहिलं. मग दोन बायका आल्या. मग एक उंच म्हातारा, काठी टेकत. कुणी बोलत नव्हतं. सगळे आमच्याकडे बघत होते. मला वाटलं, पातळावर स्पोर्ट्सचे बूट घातलेत, ते बघतायत. मी पाय खुर्चीखाली घेतले. तरी माणसं हलेनात. आणखी आली. राखणदार बाई दारात उभी राहून येणाऱ्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवत होती.

उठावं तर "चला" म्हणावं लागणार. "चला" म्हणणार कोण? मी? मेले तरी नाही. हेही मूग गिळून बसलेले. यांच्या कपाळावर घाम आला होता, तरी ओठ मिटलेले. अबोल्याच्या बाबतीत आम्ही दोघंही पोचलेले आहोत. नवशिकं कुणी असतं तर केव्हाच उठून पळालं असतं.

शेवटी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी यांच्याकडे बघितलं. नीट बघितलं. किती वर्षांनी, कोण जाणे. रोज समोर असतात, पण रोजचं माणूस आपण कुठे बघतो? गालावरचा देवीचा व्रण. दाढी करताना हनुवटीखाली राहून जाणारे खुंट, ते आजही राहिले होते. वर्गात खडूची पूड उडून उडून भुवयांत बसायची, आता भुवयाच तशा झाल्यात. आणि डोळे अजून त्या निळ्यातून पुरते बाहेर आलेले नव्हते. चांगला माणूस. मनात मी अगदी स्पष्ट म्हटलं, शालन, तुझ्या वाट्याला चांगला माणूस आलाय.

मग मी एवढी धुमसतेय कशाने? घराने? ते घर वाईट नव्हतं. लेकीने? ती तर जीव टाकते. तिथे बसल्या बसल्या माझ्यापुढून सगळी गावं गेली. संस्थेची शाळा, दर काही वर्षांनी बदली. विटा, वडूज, दहिवडी, पाटण, आणखी दोन-तीन. हे संध्याकाळी दारातून आत यायचे आणि सांगायचे, "बदली झाली." मी ट्रंका काढायची. कुठे ओळख झालेली असायची, कुठे मोगरा नुकता कळ्यांवर आलेला असायचा. निवृत्तीनंतर कराडात पाय टेकले. साठीला आले तेव्हा मी तिथे स्कूटर शिकले. मंडईत जाते, वाचनालयात जाते, माझ्या मैत्रिणीकडे, लीलाताईंकडे जाते, कुणाला विचारायला नको. आणि परवा भाताचं पातेलं हातात असताना माझी पुन्हा एकदा बदली झाली होती.

मला कुणी विचारलंच नव्हतं. कधीच नव्हतं विचारलं. हे माझ्यासुद्धा आजवर ध्यानात आलेलं नव्हतं.

यांना त्यातलं काय दिसलं, मला माहीत नाही. चित्र काढायला बसलेला माणूस बघतो तसे हे माझ्याकडे बघत होते. डोळे बारीक करून, मग मोठे करून. बराच वेळ. मग टेबलावर थोडे पुढे वाकले.

"तुझ्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आलाय," ते म्हणाले. थेट मला. "कधी आला?"

खोलीत कुणीतरी जोरात श्वास सोडला.

"शालन," ते म्हणाले, "तुला काय वाटतं? राहायचं का आपण इथं?"

"नाही" माझ्या जिभेवर कधीचं तयार होतं. भात वाढला त्या रात्रीपासून होतं. पण आता त्या निळ्या चित्रापुढे हवेत हलणारा तो हात डोळ्यांसमोरून जाईना. खरं सांगते, त्या क्षणी "हो" म्हणणं फार सोपं होतं. यांनी विचारलं, एवढ्यावरच माझं पोट भरलं होतं. पण या माणसाने विचारलं होतं ते खरं उत्तर ऐकायला. आता मीच खोटं बोलले असते, तर विचारण्याला काय अर्थ राहिला असता?

"नाही," मी म्हटलं. "मला कराडला जायचंय. इथे मला कुठंही जायचं तर कुणीतरी न्यावं लागतं. तिथे माझी मी जाते."

आणि टाळ्या वाजल्या.

मी दचकून उभी राहिले. सगळी खोली टाळ्या वाजवत होती. काठीवाला म्हातारा काठी भिंतीला टेकवून टाळ्या वाजवत होता. तरुण जोडप्यातली मुलगी डोळे पुसत होती. राखणदार बाई पुढे आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. मग ती यांच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागली. हे ऐकत गेले आणि यांचा चेहरा आधी गोरामोरा झाला, मग लाल झाला.

"काय म्हणतात?" मी विचारलं. थेट. आता नियम कुठले!

"अगं, हे टेबल बसायला नव्हतं. म्हणजे बसायलाच होतं, पण हेच चित्र होतं."

"टेबल?"

"आपण. दोन माणसांनी समोरासमोर बसायचं, गप्प. कुणी तोंड उघडलं की चित्र संपलं. तसं त्या पाटीवर लिहिलंय. त्या म्हणतात, लोक मिनिटाभरात हसतात नाहीतर लाजून उठतात. आपल्याइतकं कुणी बसलेलंच नाही. त्या विचारतात, याचा सराव कुठे केला?"

मला इतकं हसू आलं की मला परत बसावं लागलं. हेही हसायला लागले. टक्कल पुसत, खांदे हलवत, वर्गात कधी हसले नसतील असे. आम्ही का हसतोय हे न कळताच माणसंही हसत होती. मग ती एकेक करून पांगली. राखणदार बाई तेवढी थांबली. तिने यांना आणखी काहीतरी विचारलं.

"आता काय?" मी म्हटलं.

"विचारतायत, शेवटी आपण काय बोललो. कळलं नाही, पण ऐकावंसं वाटलं, म्हणतात."

"मग सांगा की. लपवायचंय काय त्यात?"

यांनी शब्द जुळवत सांगितलं. मी विचारलं, इथे राहायचं का. ही म्हणाली, नाही. एवढंच. इतकं इंग्रजी मलाही कळत होतं. बाईने माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, आणि यांच्याकडे बोट करून पुन्हा दोन शब्द विचारले.

यांचं हसू ओसरलं. खालच्या मजल्यावर ते निळं दालन होतं, आणि यांची नजर नकळत जिन्याकडे गेली, ती मला दिसली.

"काय विचारतात?" मी म्हटलं. या खेपेला माझाच आवाज बारीक झाला होता.

"विचारतायत, त्यावर मी काय म्हणालो."

"मग? काय सांगणार?"

यांनी बाईकडे बघितलंच नाही. माझ्या पायाशी ठेवलेली पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं."

आमच्या एवढ्या संसारात हा शब्द दर वेळी मीच म्हणत आले होते. दारात उभं राहून, ट्रंका काढायच्या आधी. त्यांच्या तोंडून तो मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो म्हणायला माणसाला किती जड जातं हे मला पक्कं माहीत होतं.